पाकिटामागची यादी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरचं मोठं गाव आठवतं. ते माढा तालुक्यातलं. माझी टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. कपाशी, मका, सोयाबीन आणि पावसाची वाट पाहणं, हे आमचे व्यवसाय. अशा गावच्या माणसाने कॉम्प्युटरवरच्या खेळांवर काय बोलावं, असं तुमच्या मनात येईल. पण या खेळांचा इतिहास आम्हाला जितका नीट कळला, तितका मुंबई-पुण्याच्या मुलांना कळला नसेल असं मला वाटतं. त्यांचे खेळ चालायचे. आमचे चालायचे नाहीत. आणि यंत्राची ओळख, ते चालत नसलं म्हणजेच होते.

विकतच्या खेळाच्या पाकिटामागे एक यादी छापलेली असते. प्रोसेसर अमुक, मेमरी तमुक, हार्ड डिस्कवर इतकी जागा मोकळी हवी. बहुधा दोन रकाने असतात, ‘किमान’ आणि ‘शिफारस’. आम्ही वयाच्या विशीपर्यंत असं पाकीट पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे खेळ यायचा तो फ्लॉपीवर, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीतल्या कॉपी केलेल्या सीडीवर, वर मार्करने लिहिलेलं नाव. बनवणाऱ्याला आमच्याकडून एक पैसाही गेला नाही, हेही इथेच कबूल करून टाकतो. मात्र पाकीट नसलं तरी यादी सुटत नव्हती. ती आम्ही एकेक ओळ करून ठेचा खाऊन पाठ केली.

यादी नसलेला खेळही मी पाहिलेला आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, त्याच घराण्यातली ही खोकी. वरच्या खाचेत ‘कॅसेट’ बसवायची. नाव कॅसेट, पण आत फीत नव्हती, चिप होती. चाललं नाही तर कॅसेट काढून खाचेत फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, एवढंच आमचं तंत्रज्ञान. १९८५चा ‘सुपर मारिओ’ सगळा मिळून ४० केबीचा आहे. आज लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो याच्यापेक्षा मोठा असतो. त्या खोक्यासाठी केलेला खेळ त्या खोक्यावर चालणारच, त्यामुळे कसली यादी नव्हती आणि कसली भानगडही नव्हती.

कॉम्प्युटरचं तसं नाही. तो ज्याचा त्याचा वेगळा. माझी त्याच्याशी पहिली गाठ पडली ती तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मावशीकडे. मावसभाऊ डिप्लोमाला होता. दिवाळीच्या सुटीत त्याने काळ्या पडद्यावर दोन शब्द टाइप केले, ‘प्रिन्स मेगाहिट’, आणि एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस तळघरात उडी मारून उतरला. आजवर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालणाऱ्या माणसाची चाल मी पाहिली नव्हती. हा धावताना वाकायचा, कड्याला लोंबकळायचा, थांबताना घसरायचा. खरा माणूस असावा तसा.

तो खरा माणूसच होता, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८५मध्ये आपल्या धाकट्या भावाला मोटारी लावायच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट पाहून ती हालचाल ठिपक्यांत उतरवली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९मध्ये आधी अ‍ॅपल-दोन या यंत्रावर आला, पुढच्या वर्षी आपल्याकडच्या डॉसच्या यंत्रांवर. आता गंमत पाहा. त्या अ‍ॅपल यंत्राची मेमरी इतकी तोकडी होती की राजपुत्राच्या चित्रांनीच ती भरून गेली. शत्रूची चित्रं ठेवायला जागा उरेना. पण शत्रू नाही तर खेळ कसला? मेकनरने मग राजपुत्राचंच चित्र एका ठिपक्याने बाजूला सरकवून त्याच चित्राशी उलटसुलट मिसळलं. त्यातून एक चमकती छाया उभी राहिली. नवी मेमरी जवळजवळ लागलीच नाही. चौथ्या टप्प्यावर राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची छाया त्याच्यापासून सुटते ती तिथे. शेवटी बाराव्या टप्प्यावर ती तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपणच मरतो. तलवार म्यान केली तर दोघं एक होतात. हा प्रसंग ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो लेखकाच्या प्रतिभेचा वाटतो. तो आहेच, पण त्याचं बियाणं मेमरीच्या टंचाईत होतं. (शत्रूच्या शिपायांसाठी पुढे त्याने कशीबशी जागा काढलीच.)

या खेळात पहिला टप्पा संपला की एक खोली येते. तिथे ओळीने बाटल्या, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. खेळाबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द पाहा, त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या, असा हुकूम. कॉपी करणाऱ्यांना अडवण्यासाठी ही युक्ती. पुस्तिका ना भावाकडे होती, ना त्याला फ्लॉपी देणाऱ्याकडे. एक-दोन चुकीच्या बाटल्या प्यायल्या की राजपुत्र आडवा. भाऊ दरवेळी अंदाजाने एक प्यायचा. ते ‘मेगाहिट’ म्हणजे चोरवाट, ती टाकली की पुढच्या टप्प्यांवर उड्या मारत जाता येई. परत येताना मी ते दोन शब्द चिठ्ठीवर लिहून आणले. गावात कॉम्प्युटर नव्हता, तरी चिठ्ठी दप्तरात जपून ठेवली होती.

डॉसच्या जगात ६४० केबी मेमरी हा उंबरठा होता आणि १९९०चा प्रिन्स त्याच्या आत मावला. १९९३च्या डिसेंबरात ‘डूम’ आला, त्याला ४ एमबी लागली. १९९७च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ला १६. २०००च्या ‘प्रोजेक्ट आयजीआय’ला ६४. २००३मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या ‘व्हाइस सिटी’ला १२८ एमबी, वर ३२ एमबीचं वेगळं व्हिडिओ कार्ड. तेरा वर्षांत मेमरीची भूक दोनशेपट झाली. खेळ बनवणारे आजच्या यंत्रासाठी खेळ लिहीत नव्हते, उद्याच्या यंत्रासाठी लिहीत होते. पत्र टाइप करायला, पगारपत्रक काढायला जुनं यंत्र पुष्कळ झालं असतं. नवं घ्यावंसं वाटायचं ते खेळासाठी.

आपल्याकडे ते नवं यंत्र यायला सरकारी धोरणाच्या वाटेने यावं लागलं. १९८४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने संगणक धोरण सैल केलं. १९९७मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला, तेव्हापासून आयातकर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळू लागले आणि कंपनीच्या बंद खोक्याऐवजी ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर हा शब्द मराठीत रूढ झाला. मदरबोर्ड इथला, कॅबिनेट तिथलं. शेतकऱ्याच्या पोराला हे फार लवकर समजतं. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, नांगर तिसऱ्याचा, हे त्याने पाहिलेलंच असतं.

आमच्या गावात कॉम्प्युटर क्लास निघाला २००४मध्ये. राज्यात त्याआधी दोन वर्षं एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला होता, सरकारी नोकरीला संगणकाचं प्रमाणपत्र लागणार हे गावोगाव कळलं होतं, त्यामुळे असे छोटे क्लास सगळीकडे उगवले. आमच्या क्लासच्या सरांनी शहरातून सहा जुनी यंत्रं आणली. मी बारावीनंतर घरी बसलो होतो, त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवलं. झाडणं, धूळ पुसणं, बॅचची हजेरी घेणं आणि बिघडलेलं यंत्र उघडून पाहणं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, एकदा येऊन सगळं पाहिलं आणि विचारलं, “ह्याला पाणी किती लागतं?” त्यांची थट्टा करायची रीत होती ती. पण प्रश्न चुकीचा नव्हता. यंत्राला काय लागतं, हेच तर मी पुढची तीन वर्षं शिकणार होतो.

सहाही यंत्रांत इंटेलचा ८१० जातीचा बोर्ड होता. असेंबल्डच्या दुनियेत ‘आठशे दहा’ हा शब्द त्या काळी ‘फटफटी’सारखा सर्वांच्या तोंडी होता. १९९९चा हा स्वस्तातला संच. चित्र दाखवायची सोय बोर्डावरच, आणि त्यासाठी लागणारी मेमरी तो मुख्य मेमरीतूनच उचलायचा. आमच्या यंत्रांत ६४ एमबीची एकेकच पट्टी. घरात एकच घागर पाणी, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच आंघोळ, तशी गत. क्लास सुटल्यावर सरांच्या संमतीने आम्ही तिघं-चौघं आयजीआय लावायचो. तो अडखळत चाले. नायक एक पाऊल टाकायचा, विचार करायचा, मग दुसरं टाकायचा.

आयजीआय हा नॉर्वेतल्या इनरलूप या मंडळींनी केलेला खेळ. एकटा माणूस, मोठमोठे लष्करी तळ, तारांची कुंपणं. त्याची एक खोड अशी की मोहिमेच्या मधे कुठेही खेळ जतन करून ठेवता येत नाही. मेलात, की मोहीम पहिल्यापासून. परदेशातल्या समीक्षकांनीही यावर नाराजी दाखवली होती. आता असा खेळ भारनियमनाच्या गावात खेळून पाहा! २००५नंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. वेळापत्रक असायचं, पण ते पाळलं जाईल याची खात्री नाही. चाळीस मिनिटं सरपटत, दबा धरत तळाच्या शेवटच्या इमारतीपाशी पोहोचावं आणि पंखा मंदावल्याचा आवाज यावा. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी सरांच्या यंत्रापुरती. ओस्लोत बसून ज्यांनी तो खेळ रचला त्यांच्या यादीत वीज लिहिलेली नव्हती. ती कुणाच्याच यादीत लिहिलेली नसते.

व्हाइस सिटीची सीडी आली तेव्हा तर खेळ सुरूच होईना. पुरेशी व्हिडिओ मेमरी सापडत नाही, अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची आणि संपलं. मी तीन महिन्यांचा पगार साठवला आणि शहरात जाऊन एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदाराने विचारलं होतं, “बोर्ड कोणता?” मी ऐटीत म्हटलं, “इंटेलचा.” एसटीत सगळ्या वाटेवर कार्ड मांडीवर. रात्री यंत्र उघडलं आणि कळलं की या कार्डाला एजीपी नावाची खाच लागते, आणि ८१० बोर्डाला ती खाच नसतेच. त्याच्या शेजारी सगळ्या होत्या, तीच तेवढी नव्हती. दुकानदाराचा काही दोष नाही. मला प्रश्न समजला नव्हता. कार्ड परत घ्यायला त्याने नकार दिला नसता कदाचित, पण पुन्हा जाऊन अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, ते फार नंतर आलं. आमच्या आवडीचे खेळ आम्ही निवडलेले नव्हते. ते बोर्डाने निवडले. प्रिन्स, डेव्ह, रोड रॅश, आयजीआय ही नावं काढली की माझ्या वयाची लहान गावांतली माणसं खुलतात. ती काही त्या त्या सालातली सर्वोत्तम म्हणून नव्हेत. ती चालली म्हणून.

त्या कार्डाविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याने जग हलवलं. आयजीआयसारख्या खेळात दर क्षणाला हजारो त्रिकोण मोजावे लागतात. मुख्य प्रोसेसर हिशेबाला हुशार, पण एकामागून एक करत जाणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे निंदणीला एकदम उतरलेली बायकांची टोळी. प्रत्येकीचं काम साधं, पण सगळं वावर एकाच वेळी पुढे सरकतं. १९९६मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू आलं, १९९९मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६. दोन्ही खेळणाऱ्या पोरांच्या जिवावर विकली गेली. २०१२मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी चित्रं ओळखायला शिकणारी एक प्रणाली तयार केली, ती जीटीएक्स ५८० या खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी लाट तिथून उसळली असं मानतात.

पुण्यात १९९१मध्ये सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यामागचे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आमच्यासारख्याच कपाशीच्या मुलखातले. त्याच सी-डॅकच्या २०२०च्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एनव्हिडियाचे प्रोसेसर आहेत, आणि त्या वर्षीच्या जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत तो ६३वा होता. मी मांडीवर घेऊन आलेलं कार्ड याच कुळातलं, पुष्कळ पिढ्या आधीचं. ते आमच्या घरी देवळीत अजून आहे.

आता एक गोष्ट. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

कार्ड फसल्यावर मी दुसरा उपाय काढला. रात्री शेजारच्या चार नंबरच्या यंत्रातली ६४ एमबीची पट्टी काढायची, माझ्या यंत्राच्या रिकाम्या खाचेत बसवायची, आयजीआय खेळायचा आणि जाण्यापूर्वी पट्टी परत जागेवर. १२८ एमबीवर तो खेळ असा पळायचा की विचारू नका. सरांना हे माहीत नव्हतं. पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने पुसून बसवायचं कौशल्य माझ्या हातात होतं, कधी काही झालं नाही.

एका रात्री पट्टी परत बसवत असतानाच लाइट गेली. मी ती अंधारात, मोबाइलच्या उजेडात दाबली. बसल्यासारखी वाटली. सकाळी क्लासमध्ये एका कोर्सची परीक्षा होती. चार नंबर सुरू केला तर लांब लांब शिट्ट्या. पट्टी उलट्या बाजूने रेटली गेली होती, खाचेचा एक कोपरा तडकला होता. तिथे दुसरी पट्टीही चालेना. सहा यंत्रांवर दोन पाळ्यांत बसणारी बारा मुलं आता पाच यंत्रांवर बसायची होती. दोनच्या तीन पाळ्या झाल्या. वेळापत्रकाप्रमाणे दोन वाजता वीज जायची होती आणि त्या दिवशी ती नेमकी वेळेवर गेली. तिसऱ्या पाळीत दोघं उरले होते. एक आमच्याच गावचा. दुसरी पलीकडच्या वाडीवरची मुलगी, सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने परत जाणारी. सर तिला म्हणाले, “विजेचं असंच आहे बाई, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ.” तिने मान हलवली. खाली येऊन बराच वेळ झाडाखाली बसली होती, एसटी यायची होती म्हणून.

गावातल्या मुलाची परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. ती आली नाही. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. तिने का सोडलं, घरी काय झालं, हे मला कधीच कळलं नाही, मी विचारलंही नाही. यंत्र कशाने बिघडलं, याला सरांनी विजेचा झटका हे कारण ठरवून टाकलं होतं आणि मी ते ठरू दिलं. तिचं हजेरीतलं नाव मीच माझ्या हाताने लिहीत असे. महिनाअखेर तिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहितानाही मीच होतो.

त्यानंतर मी पट्ट्या काढल्या नाहीत. आयजीआयही सोडला. क्लास दोन-एक वर्षांनी बंद पडला, सर शहरात गेले, यंत्रं भंगारात गेली. मीही पोटामागे गाव सोडलं.

पुण्यातल्याच मंडळींनी बनवलेला ‘राजी’ हा खेळ २०२०मध्ये जगभर विकला गेला. तो मी पैसे देऊन घेतला. पाकिटामागची यादी आधी वाचली. पाकीट म्हणजे काय, आता तीही पडद्यावरच असते.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. बहिणीचा मुलगा ओट्यावर फोनवर खेळत होता. त्याच्या फोनला सहा जीबी रॅम आहे. मी मनातल्या मनात भागाकार केला, आमच्या छप्पन्न नव्हे, पुरत्या शहाण्णव पट्ट्या. संध्याकाळी लाइट गेली तरी त्याने मान वर केली नाही, बॅटरी भरलेली होती. मी लॅपटॉप काढला आणि त्याला जुना प्रिन्स दाखवला. पहिला टप्पा त्याने तीन-चार वेळा पडून-मरून पार केला. मग ती खोली आली, ओळीने बाटल्या, वर अक्षरं.

“मामा, ह्यातली कोणती प्यायची?”

“पुस्तकात लिहिलेलं आहे,” मी म्हटलं.

“मग पुस्तक कुठंय?”

मी त्याच्या शेजारी सरकून बसलो आणि म्हटलं, डावीकडून सुरुवात कर.